उशिरा आलेलं हसू

माझ्या बायकोला विनोद इतरांइतकाच लवकर कळायचा, हसू मात्र उशिरा यायचं. सगळं थिएटर हसून मोकळं व्हायचं, पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू व्हायचा, एखादा म्हातारा खाटेवर खोकत असायचा, आणि तेवढ्यात माझ्या शेजारून हसण्याचा आवाज यायचा. आधी नाकातून हवा सुटल्यासारखं काहीतरी, मग थोडं थांबणं, आणि मग पायऱ्या चढत गेल्यासारखं वर वर जाणारं हसू. आजूबाजूचे लोक मागे वळून पाहायचे आणि तिच्या हसण्याला पुन्हा हसायचे.

मी सिनेमाचा माणूस नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली, आणि थिएटरमध्येही मी पिशवीत पुस्तक घेऊन जात असे, मध्यंतरात वाचायला. तिला ते लाजिरवाणं वाटायचं. पण मी तिच्याबरोबर जायचो, आणि खरं सांगायचं तर पडद्यापेक्षा त्या उशिराच्या हसण्याची वाट पाहत बसायचो.

काही वर्षांपूर्वी वर्ध्यात एक हिंदी सिनेमा लागला होता. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा खात्यातला एक कारकून, त्याला अचानक उडता यायला लागतं, पण घाबरला तरच. भीती गेली की तो खाली पडतो, कधी पानठेल्यावर, कधी कोणाच्या वाळत घातलेल्या पापडांवर. मला तो फार बाळबोध वाटला. ती मात्र पापडांच्या प्रसंगानंतर किती तरी वेळाने हसली, नायकाच्या वडिलांना झटका येतो त्या वेळी. आमच्या मागे कॉलेजची पोरं बसली होती. त्यांतला एक म्हणाला, "ताईचं नेटवर्क स्लो हाय."

ती मागे न वळता म्हणाली, "स्लो हाय, पण रेंज पाह्य."

त्या ओळीवर मागची अख्खी रांग हसली. घरी आल्यावर मी तिच्या हसण्याची नक्कल केली. मला आयुष्यात ही एकच नक्कल जमली. माणसांत मी फारसा बोलत नाही, त्यामुळे लग्नात, बारशात कोणी ना कोणी म्हणायचं, जवाईबुवा, ते हसणं करून दाखवा. मी करायचो. ती पाठीत धपाटा घालायची आणि मग, अर्थातच उशिरा, स्वतःही हसायची. सासूबाई तळेगावहून आल्या असल्या तर त्यांनाही ते आवडायचं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी ती गेली. आजारपणाबद्दल मी इथे लिहिणार नाही. दवाखान्यात असताना तिने मोबाइलवर त्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाची जाहिरात पाहिली होती आणि आईला फोन करून सांगितलं होतं, "लागला का तुले बोलावतो इकडं. तिघं मिळून पाहू." सासूबाईंनी विचारलं होतं, पहिला पाह्यला नाई तर समजन का? ती म्हणाली होती, समजाचं काई नाई त्यात.

आमच्याकडे सुतक नाही. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली तेव्हापासून घरात तेरवी झाली नाही, पिंड ठेवला गेला नाही. ती गेल्यावर वंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक बोलले, जेवले, गेले. याचा मला लहानपणापासून अभिमान आहे आणि अजूनही आहे. पण त्या दिवसांत एक गोष्ट जाणवली. वर्ध्याला लागून सिंदी मेघेत आमचं घर, तिथे शेजारी राहणाऱ्या कुटुंबात म्हातारे गेले तेव्हा तेरवीनंतर गोडाचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात बसला. त्याला तो दिवस कोणीतरी ठरवून दिला होता. आमच्याकडे असा दिवस नाही. दुःख कुठवर धरायचं ते ज्याचं त्याने पाहायचं. मी धरून बसलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी वाचनसुद्धा सोडलं होतं, कारण पुस्तकात मन लागलं की दचकायला व्हायचं.

जुन्यातली एक रीत मात्र आमच्या नात्यागोत्यात उरली आहे. बायको गेली तर तिच्या माहेरचं माणूस येऊन जावयाला एकदा बाहेर काढतं. बाजारात नेतं, हॉटेलात जेवू घालतं, जमलं तर नवा शर्ट घेतं. त्याआधी तो कोणाच्या लग्नात दिसला तर लोक नावं ठेवतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण सगळे पाळतात. सासरे नाहीत, मेहुणा तिच्याहून बराच धाकटा, दूर पुण्याकडे. त्यामुळे ते काम सासूबाईंकडे आलं.

थंडीच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "तुमाले बाहेर काढाचं राह्यलं. मी येऊन राह्यली."

"बरं आई. कुठं जायचं?"

"सिनेमाले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या म्हणाल्या, "तो लागला म्हणते. भेला का उडते, तो."

त्या एसटीने आल्या. आर्वीवरून येणारी गाडी उशिरा पोचली, आणि स्टॅंडवर उतरता उतरता त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती ही की गावात त्यांनी डोळे दाखवायला वर्ध्याला जाते असं सांगितलं आहे. "पोरगी जाऊन वरीस नाई झालं अन् बुढी जवायाले घेऊन सिनेमा पाहून राह्यली, असं म्हणतीन ना लोकं. मंग डोयाचं सांगतलं."

"मग औषध न्यावं लागेल बरोबर."

"हो ना. पाण्याचं घ्या एखादं, नुकसान नाई होनार असं."

औषधाच्या दुकानातून आम्ही डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक साधी बाटली घेतली. ती मी खिशात ठेवली. थिएटरच्या दारावर त्यांची पिशवी तपासली, तिच्यात भुईमुगाच्या शेंगा निघाल्या. दारावरचा माणूस म्हणाला, बाहेरचं खाणं चालत नाही, मावशी. त्या म्हणाल्या, "बाहेरचं कुठं हाय, घरचं हाय." तो हसला, पण शेंगा त्याने ठेवूनच घेतल्या.

थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. शनिवारचा दुपारचा खेळ. पुढे कॉलेजची मुलंमुली, मधे पोराबाळांची कुटुंबं. आमच्या मागे एक तरुण आपल्या वडिलांना पहिल्या भागाची गोष्ट हळू आवाजात सांगत होता. सासूबाईंनी मागे वळून म्हटलं, "जरा मोठ्यानं सांग ना बाबू. मीही पहिला नाई पाह्यला." तो ओशाळला, पण सांगू लागला, आणि मग आमच्या रांगेतलं आणखी कोणीतरी म्हणालं, "अरे, बाप नाई मेला, झटका आला होता फक्त." गोष्ट दुरुस्त होत होत पुरी झाली तेव्हा पडद्यावर नावं सुरू झाली होती.

दुसऱ्या भागात नायकाचं लग्न झालेलं असतं. तो सुखात असतो, कशाला भीत नाही, म्हणून त्याला उडता येत नाही. शहरावर संकट येतं आणि लोक त्याच्या बायकोच्या विनवण्या करतात की याला घाबरव. ती कंबरेला पदर खोचून त्याचं पूर्ण नाव घेऊन हाक मारते, की हा निघाला छपरावरून.

"सगळ्यायचंच असं हाय," मागून वडिलांचा आवाज आला.

"आपल्या घरी तर विमानतळ लागन," बहुधा त्यांची बायको म्हणाली. ती तिथे आहे हे मला तेव्हा कळलं.

लोक मनापासून हसत होते. शिट्ट्या कमी, शेरे जास्त. एक लहान मूल प्रत्येक उड्डाणाला "गेला" म्हणत होतं आणि मग सगळं थिएटर त्याच्याबरोबर "गेला" म्हणू लागलं. सासूबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत. मला बरं वाटलं. मी स्वतः हसत नव्हतो. मी त्यांना पाहत होतो, लोकांना पाहत होतो, आणि मनाशी म्हणत होतो की रीत पुरी होते आहे, संध्याकाळी यांना गाडीत बसवून देऊ.

मग तो दह्याचा प्रसंग आला. नायक विजेच्या तारेला लोंबकळतो आहे, खाली गर्दी, खलनायक समोर, आणि त्याचा फोन वाजतो. बायको विचारते, दही आणलं का. तो एका हाताने तार धरून नम्रपणे सांगतो, आणतो. थिएटर दणाणून गेलं. पुढची मुलं खुर्च्यांवर हात आपटत होती. हळूहळू हसणं विरलं. पडद्यावर खलनायकाचं गंभीर भाषण सुरू झालं, शहर कसं जळेल वगैरे. सगळे गप्प झाले. तेवढ्यात मला दिसलं की नायकाच्या मनगटाला, पडद्याच्या कोपऱ्यात, दह्याची पिशवी लोंबते आहे. म्हणजे दही त्याने आधीच आणलं होतं. फक्त सांगायची हिंमत नव्हती.

मी हसलो. आधी नाकातून, मग थांबून, मग वर वर चढत. ते माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला ते ऐकू आलं, जसं दुसऱ्या कोणाचं ऐकू येतं. ते अगदी तिचं होतं. आणि मी थांबू शकलो नाही. गंभीर संगीत चालू, सगळं थिएटर चिडीचूप, आणि मी एकटा हसतो आहे.

पुढून कोणीतरी म्हणालं, "काका, गाडी निघून गेली."

लोक हसले. माझ्या शेजारी हालचाल झाली. सासूबाईंचा पदर तोंडावरून खाली आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या पलीकडे पाहिलं, माझ्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीकडे. तिथे एक अनोळखी तरुण मोबाइल पाहत बसला होता. मग त्या सरळ बसल्या, हात मांडीवर ठेवले, आणि सिनेमा संपेपर्यंत हसल्या नाहीत. मध्यंतर होऊन गेलं होतं, नाहीतर आम्ही बहुधा उठून आलो असतो.

रीतीप्रमाणे आम्ही हॉटेलात गेलो. आलूबोंडा मागवला. त्यांनी अर्धा खाल्ला. शर्टाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. ऑटोत दोघंही बाहेर पाहत होतो. स्टॅंडवर गाडी लागलेलीच होती. पायरीवर एक पाय ठेवून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तिची नक्कल करायची नव्हती, बुवा. निदान माह्यासमोर तरी."

मागच्या माणसांनी घाई केली आणि त्या आत गेल्या. गाडी सुटल्यावर मला कळलं की औषधाची बाटली माझ्याच खिशात राहिली.

त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. रोज ठरवायचो आणि करायचो नाही. काय सांगणार होतो? नक्कल नव्हती असं? मी रात्री अंथरुणावर पडून तो क्षण पुन्हा पुन्हा तपासला आणि खात्रीने काहीच सांगता येईना. इतकी वर्षं ते हसू माझ्या घशात तयार होतं. ठरवून काढलं नव्हतं एवढं खरं. पण हसता हसता एका जागी ते ओळखीचं वाटलं, आणि तिथून पुढचं मी आवरलं नाही, हेही खरं. आवरलं नाही कारण छान वाटत होतं. माझी टोचणी खरी तिथे आहे. त्या दोन श्वासांत मी तिची आठवण काढत होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी आठवण काढत नव्हतो. मी फक्त मजेत होतो, आणि माझ्या शेजारी तिची आई बसली होती.

घरात तिला ओळखणारी माणसं कमी होत जातात, हे पहिल्या काही महिन्यांतच कळतं. मैत्रिणी एकदा येऊन जातात. मूलबाळ आम्हाला नाही. ती लहान असताना कशी होती हे सांगू शकणारं एकच माणूस उरलं होतं, आणि मी त्याला एसटीच्या पायरीवर दुखवून पाठवलं होतं. हे माणूस आता तुटलं तर तिच्याबद्दल बोलायला मला कोणी नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. शेवटी बाटलीचं निमित्त केलं. एका रविवारी सकाळी तळेगावची गाडी धरली.

सासूबाई अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, चहा ठेवला. मी बाटली खाटेवर ठेवली.

"हे काऊन आणलं?"

"तुमचं राहिलं होतं."

"मी लोकायले सांगून देल्लं, डॉक्टरनं औषध नाई देल्लं म्हणून."

मी समोरच्या ढिगातून शेंगा घेऊन सोलायला लागलो. त्यांनी टोपली दोघांच्या मधे सरकवली.

"आई, मी मुद्दाम नव्हतं केलं."

"ती असताना चाले," त्या म्हणाल्या. "तिच्यासमोर तुम्ही करा, ती तुमाले मारे, आम्ही हसो. आता कोणासमोर करून राह्यले?"

"चुकलं माझं."

"मी पाह्यलं तिकडे." त्यांचे हात थांबले. "माह्या हातानं पाणी पाजलं मी तिले. सारं डोयानं पाह्यलं. अन् तरी मी पाह्यलं तिकडे, आली का काय म्हणून. तिथं कोण, तर तो पोट्टा मोबाइल घेऊन बसला."

चहा उतू गेल्याचा वास आला. त्या आत गेल्या, दोन कप घेऊन आल्या, बसल्या, आणि कपाकडे पाहत म्हणाल्या, "एकदा करा."

"काय?"

"तेच. हसून दाखवा."

"आई, नको."

"मीच म्हणून राह्यली ना. करा."

मी कप खाली ठेवला. नाकातून हवा सोडली, थांबलो, आणि हसलो. घसा कोरडा होता. निघालं ते एका म्हाताऱ्या माणसाचं खोकल्यासारखं हसणं होतं. मी पुन्हा केलं. दुसऱ्यांदा तर त्याहून वाईट. सासूबाई मान तिरपी करून ऐकत होत्या, दूरच्या गाडीचा आवाज ओळखावा तसं.

"नाई," त्या म्हणाल्या. "हे ते नाई."

"तिथं आपोआप आलं होतं."

"हं." त्यांनी चहा पिऊन टाकला. "राहू द्या. घसा दुखन तुमचा."

तेवढ्यात शेजारच्या घरातली बाई पाखडायचं सूप घेऊन आली. सासूबाईंच्याच वयाची, त्यांची रोजची सोबतीण. मला पाहून तिने पदर सारखा केला, आणि मग तिची नजर खाटेवरच्या बाटलीवर गेली.

"काऊन वं, औषध आणलं वाटते जवायानं. डोयाचं काय म्हणे डॉक्टर?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. खोटं बोलायला सगळं तयार होतं, बाटलीसकट.

"डोयाले काई नाई झालं," त्या म्हणाल्या. "सिनेमा पाह्याले गेलतो."

शेजारीण सूप हातात धरून उभी राहिली. मी मान खाली घातली. आता गावभर जाणार, माझ्यामुळे, असं मनात आलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात जरा जास्तच भरभर चालत होते.

"अन् आम्ही तुही तूर निसून देऊन राह्यलो, बुढीले दिसत नाई म्हणून," शेजारीण म्हणाली.

"म्या कुठं म्हटलं निसा म्हणून?"

"नाई कुठं म्हटलं?" ती खाटेच्या कडेला टेकली. मग तिने आवाज बारीक करून विचारलं, "कोणता?"

"तो नाई का, भेला का उडते."

"दुसरा? माही सून म्हणे पहिल्यापक्षा चांगला हाय."

"पहिला पाह्यला कोणं."

"मंग सांग ना. का मलेही डोये दाखवाले जा लागन वर्ध्याले?"

आणि सासूबाई सांगू लागल्या. पाणीपुरवठ्याचा कारकून, त्याचं लग्न, त्याची बायको कंबरेला पदर खोचून हाक मारते ते. मागच्या खुर्चीवरचे बापलेक, विमानतळ, "गेला" म्हणणारं लेकरू, दारावर राहिलेल्या शेंगा. सिनेमा आणि थिएटर त्यांनी एकातच मिसळून टाकलं होतं, आणि ते मूळ सिनेमापेक्षा चांगलं झालं होतं. शेजारीण सूप गुडघ्यावर ठेवून हसत होती. मी टोपलीत दाणे टाकत ऐकत होतो. नायक तारेला लोंबकळला. मी सोलणं थांबवलं.

"मंग तो खलनायक लय बोलला," सासूबाई म्हणाल्या, "अन् मंग मारामारी झाली."

"अन् मंग?"

"मंग काय, जितला तो."

फोन नाही, दही नाही, पिशवी नाही. थिएटरमधल्या सर्वांत मोठ्या हशाची जागा त्यांनी सरळ ओलांडली आणि पुढे निघून गेल्या. शेजारणीला त्यात काही कमी वाटलं नाही. ती म्हणाली, बरा हाय, आणि सून मोबाइलवर लावून देते का पाहते म्हणाली.

निघताना सासूबाईंनी सोललेल्या दाण्यांची पिशवी माझ्या हातात दिली. फाटकापर्यंत आल्या. "शर्टाचं राह्यलं तुमचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येतो मी. गाडी उशिरा आली तरी थांबजा स्टॅंडवर."

"थांबीन, आई."

आर्वीपर्यंत गाडीत गर्दी होती, मी उभाच होतो. तुरीच्या दाण्यांची पिशवी हातात लोंबत होती. गाडी वळली की ती माझ्या गुडघ्यावर आपटायची. मला तारेला लोंबणारा तो आणि त्याची दह्याची पिशवी आठवत होती, हे उघड आहे. हसू आलं नाही. येईल असं वाटून मी मात्र तोंडावर हात धरून उभा होतो.